डाव्या बाजूचं चाक

बोरखडीला जायला रस्ता नाही. आमच्या पोरानं मोबाइलवर काढून दाखवला होता, पण मोबाइलवर तर नदीही बारीक निळ्या दोऱ्यासारखी दिसते. परतवाड्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला एक फाटा फुटतो. थोड्या वेळानं डांबर संपतं, मग मुरूम संपतो, मग नदी येते. नदीच्या त्या काठावर बोरखडी. तिथं पाहण्यासारखं काही नाही. माझ्या बायकोचं ते माहेर, एवढंच. तुम्ही तिकडं गेले नसाल, म्हणून लिहितो.

बायको, वत्सला, आषाढात गेली. तेव्हा त्या नदीला पूर होता. माहेरचं कोणी अलीकडं येऊ शकलं नाही. सवाष्ण बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडावी लागते, ती साडीही नदीपल्याडच राहिली. आम्ही मूर्तिजापूरच्या दुकानातून एक आणली आणि तीच माहेरची म्हणून घातली. तिला काय कळणार होतं. पण मला कळत होतं.

दसऱ्याच्या सुमारास तिच्या मोठ्या भावाचा, महादेवरावाचा, फोन आला. लकव्यानं त्याचं डावं अंग गेलं होतं. जीभ जड झाली होती. तरी एकेक शब्द कळला.

"जवाईबुवा, तिचं तोंड त मले पाहाले भेटलं नाही. भाऊबीजेले गाडी त आना दारात. एकडाव तिच्या जागेवर बसतो. पुढच्या दिवाळीचं काई खरं नाही माह्यं."

येतो म्हणालो. पोरगा पुण्याहून म्हणाला, बाबा, एस.टी.नं जा, नदीपासून कोणी मोटरसायकलवर नेईल. त्याला समजलंच नाही. बोलावणं मला नव्हतं, गाडीला होतं. आणि दिवाळी झाली की ही गाडी अमरावतीच्या एका पोराला द्यायची, असं त्यानंच ठरवलं होतं. म्हणजे गाडीच्या हाती ही एकच भाऊबीज होती.

अकोला

जीप सरकारी लिलावातली. मी घेतली तेव्हाच म्हातारी होती. आयुष्यभर तिच्यावर पोट भरलं. पावसाळ्यात मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागांत दुसरी गाडी शिरत नसे, तिथं मी खत न्यायचो, मजूर न्यायचो, एकदा अडलेली बाळंतीण आणली. चारही चाकं ओढतात म्हणून तिला मागणी.

आजकाल पोट्टे गाडी सजवतात. आम्हीही बदल केले, पण गरजेपुरते. हवेची नळी पाण्यात बुडू नये म्हणून बोनेटच्या डाव्या बाजूनं टपापर्यंत वर नेली. नळी बोअरवेलची, उरलेला तुकडा. कमानीच्या स्प्रिंगमध्ये ट्रकचा एक पाटा चढवला, तशी गाडी वीतभर उंच झाली. मग वत्सलाला चढता येईना. "आता मले काय पोत्यासारखी टाकून नेता?" म्हणाली. म्हणून डाव्या बाजूला लोखंडाची पायरी वेल्डिंग करून घेतली.

आषाढापासून गाडी अंगणात उभी होती. मी ताडपत्रीही टाकली नाही. उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर मरते. ओढून अकोल्याला अनवर मिस्त्रीकडं आणली. त्यानं चार चाकांच्या गिअरपेटीतलं ऑइल काढलं तर चहासारखं निघालं. पाणी शिरलं होतं. ब्रेक चिकटलेले, सील सुकलेले, उंदरानं वायरी खाल्लेल्या.

"चाचा, क्या हाल करके रखा," तो म्हणाला. "इन्सान बी ऐसा नै सडता."

"सडते," मी म्हणालो. "दिसत नाही."

तो दोन दिवस खपला. मी तिथंच बाकड्यावर बसून होतो. घरी जाऊन काय करणार होतो? शेवटी त्यानं गाडी मागच्या गाऱ्यात, चिखलात, घालून पाहिली. त्याची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. या गाडीच्या समोरच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक खटका आहे. डांबरावर ते मोकळे ठेवायचे. चिखल आला की खाली उतरायचं, दोन्ही बाजूचे खटके हातानं फिरवून चाकं जोडायची, मग आत बसून लहान दांडा ओढायचा. अनवरनं दोन्हीकडं फिरून खटके लावले, दांडा ओढला, आणि गाडी गाऱ्यातून म्हशीसारखी सावकाश बाहेर आली.

खटके पुन्हा मोकळे करून तो पायरीपाशी बसला. "ये काट डालता. नदी के पत्थर में अटकेगी. अब तो वैसे बी…"

हातातल्या फडक्यानं पायरी पुसायला लागला.

"राहू दे," मी म्हणालो.

परतवाडा

एक रात्र मूर्तिजापूरला घरी काढली. सकाळी निघालो. बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेचे रूळ गवतात बुडालेले, त्यावर कोणाच्या तरी शेळ्या. दर्यापूर, अंजनगाव. दोन्हीकडं कपाशी फुटलेली, बाया पदराच्या ओट्यात कापूस वेचत होत्या. आमच्याकडची काळी जमीन अशी की कुत्र्याला मारायला गोटा शोधावा लागतो. अंजनगाव सोडलं की हळूहळू शेतात गोटे दिसायला लागतात. वत्सलाला तिथंच माहेर लागायचं. "आले माह्ये गोटे," म्हणायची आणि पदर नीट करायची. या वेळी गोटे आले तेव्हा मी काच वर केली.

परतवाड्याला चहाच्या टपरीवर गाडी लावली तर पाच-सात पोरं जमली. अमरावतीची. त्यांच्या गाड्या मोठ्या, नव्या, टपावर दिव्यांच्या रांगा. डोंगरात मुद्दाम चिखल शोधायला चालले होते. मी विचारलं, चिखलात काय ठेवलं आहे? एक म्हणाला, "मजा, काका." आम्ही चिखलातून निघायला गाडी घेतली, हे चिखलात जायला घेतात. असो. ज्याच्या पोटाचं काम चिखलात नाही, त्याला चिखल गोड.

त्यांच्यातच पंकज निघाला. माझी गाडी घेणारा हाच. पोरगा वाईट नाही. वाकून पाया पडला, आलूबोंडा खाऊ घातला. मग गाडीभोवती फिरत बोलत राहिला.

"काका, बॉडी एक नंबर ठेवली तुम्ही. फक्त ही पायरी कापीन. नळी चांगली टाकीन. अन् समोरचे हे खटके काढून फिक्स प्लेटा मारतो."

"कावून?"

"दरवेळी खाली उतरा, फिरवा… कोण करते आता? आतूनच दांडा ओढला की झालं."

"उतरलं त काय पाय झिजतात?"

पोरं हसली. तोही हसला. मी नाही हसलो. दोन-तीन पोरांनी गाडीबरोबर फोटो काढले. एक जण वत्सलाच्या जागेवर बसून फोटो काढायला निघाला. मी दार लावून घेतलं.

लॉजवर उतरलो. जेवण चांगलं होतं म्हणतात, शेवभाजी. मला लागली नाही.

नदी

भाऊबीजेच्या सकाळी निघालो. परतीचा पाऊस या बाजूला जास्त झालेला. मुरूम संपला तिथं गाडी काठावर उभी केली. पाणी गुडघाभर, स्वच्छ, खाली डोक्याएवढे गोटे. त्याची भीती नव्हती. भीती पलीकडच्या चढाची. तिथं काळा गारा, वरून कोरडा दिसतो, आतून लोण्यासारखा.

खाली उतरलो. उजव्या चाकाचा खटका फिरवला. आत बसलो. दांडा ओढला. थोडा वेळ तसाच बसून राहिलो, कशासाठी ते कळलं नाही. मग गाडी पाण्यात घातली.

नदी झाली. चढाला लागलो आणि मागची चाकं जागेवर फिरायला लागली. समोरून ओढ नाही. जोर दिला तसा मागून गारा उडाला आणि गाडी बसत गेली. डावीकडून खाड्कन आवाज आला, पायरी गोट्यावर टेकली. इंजिन बंद केलं. चाकांशी पाणी वाजत होतं. पलीकडं झाडांवर बोरखडीचा धूर दिसत होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण भाऊबीजेला जवाई नदीत अडकला, हे ओरडून सांगायचं कसं?

अनवरला शिव्या दिल्या. एवढे दिवस बसून शेवटी गिअर बसवला नाही धड. पुन्हा गाडी चालू केली, पुन्हा दांडा ओढला, पुन्हा तेच. गाडी आणखी बसली.

वरच्या डोहात एक गवळीण म्हातारी म्हशींना पाणी पाजत होती. काठी टेकत आली.

"अटकली काय रे बाप्पा?"

"अटकली."

"दरसाली त भुर्रकन जाते."

"मिस्त्रीनं घोळ केला. समोरची चाकं ओढत नाहीत."

तिनं गाडीत वाकून पाहिलं. "बाई कुठी हाय?"

"नाही आली."

"मंग बराबर हाय," ती म्हणाली. "मिस्त्रीले कायले शिव्या देतं? नदीच्या पाया कोन पडलं आज?"

"पाया कोण पडत होतं?"

"घ्या! बायको कोनाची अन् मलेच इचारते. दरसाली तिकडच्या काठाले तू इकून उतरे, ते तिकून उतरे. चाकापाशी वाके, दोनी हात टेके, मंग चढे. म्या माह्या सुनीले दाखोलं एकडाव. म्हनलं पाह्य, मोठ्या गाडीतली बाई हाय, पन नदीले हात लावल्याबिगर पानी नाही ओलांडत."

मी डाव्या चाकाकडं पाहिलं.

उजवं चाक माझं, डावं तिचं. गाडी घेतल्यापासून तसंच. कधी ठरवलं नव्हतं. मी माझ्या बाजूनं उतरायचो, ती तिच्या. मी आधी चढायचो आणि हॉर्न मारायचो, ती तिकडून शिवी द्यायची आणि मग चढायची. मग मी दांडा ओढायचो. आज मी दांडा ओढून तिच्या चढायची वाट पाहिली होती. डावा खटका मोकळाच होता. एक बाजू मोकळी राहिली की सगळा जोर तिकडून वाया जातो आणि समोरची दोन्ही चाकं नुसती बसून राहतात. अनवरचं काही चुकलं नव्हतं.

बोनेटला धरून पलीकडं गेलो. डावं चाक पाण्यात अर्धं बुडालेलं. हात घालून खटका चाचपला. फिरवला तर फिरेना. उजवा दोन बोटांनी फिरतो. हा हलेना. पकड लावली, बोटाची सालटी निघाली. पाण्यात उभं राहून पाय बधिर झाले. माझ्या गाडीचं एक चाक मला लावता येत नव्हतं. किती सालं झाली असतील तो खटका अडायला लागून, कोण जाणे. मी कधी हातच लावला नव्हता.

म्हातारी काठावर उकिडवी बसली होती. "तसं नाही रे. ते असी करे." तिनं दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पुढं दाबले. "सारं अंग टाके. म्हनून त मले पाया पडल्यावानी दिसे."

मी वाकलो. दोन्ही तळहात ठेवले, अंग टाकलं, आणि दाबूनच फिरवलं. आत कट्ट झालं.

दांडा ओढला. गाडीनं नाक वर केलं. पायरी गोट्यावर वाकली, करकरली, आणि गाडी चढ चढून वर कोरड्यावर आली. मी उतरून खाली म्हातारीकडं आलो.

"ती गेली माय," मी म्हणालो. "आषाढात."

एक म्हैस दुसऱ्याच्या शेताकडं चालली होती, तिला म्हातारीनं हाक मारली. मग म्हणाली, "आता तुलेच पडा लागन पाया."

ती पाया पडत नव्हती, हे मी सांगितलं नाही.

बोरखडी

आमच्याकडं आलेल्या माणसाला आधी पाणी देतात. बोरखडीला आधी मिठी मारून रडतात, मग पाणी. महादेवरावाची बायको माझ्या बाहीला धरून रडली. मी उभा राहिलो. मला जमत नाही.

महादेवराव ओसरीत बाजेवर होता. लय वाळला होता. त्याचं पहिलं बोलणं हे:

"गाडी येळभर रडत होती नदीत. म्या आवाज ऐकला. कावून?"

सांगितलं. डावं चाक मोकळं राहिलं. ते ती लावायची.

त्याचं अर्धं तोंड हसलं, अर्धं तसंच राहिलं. "म्हने ना ते! दरसाली इथी बसून म्हने, दादा, मी नसली त ह्यायची गाडी हालत नाही. आमी हासो. म्हनो, कायच्या बढाया मारतं वच्छे! जवाई चालवते, तू नुसती बसून येतं." मग हसता हसता त्याचा आवाज फिरला. वहिनीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं.

आमच्या घरी वर्षभर सणाला कढई चढणार नाही. भावाच्या घरी तेवढं सुतक नसतं, त्यांनी करंज्या तळल्या असत्या तर कोणी बोललं नसतं. पण त्यांनीही कढई चढवली नव्हती. पिठलं-भाकर झाली, हिरव्या मिरच्यांचा ठेचा. दरसाली ओवाळायला पाट मांडायचे, त्या जागी सारवलेलं होतं आणि पाट भिंतीला उभा होता.

जेवण झाल्यावर महादेवरावाच्या दोन पोरांनी त्याला उचललं. पायरी वाकून उपयोगाची राहिली नव्हती, म्हणून मी वर चढून काखेत हात घालून ओढला. तो वत्सलाच्या जागेवर बसला. डावा हात आम्ही मांडीवर ठेवला. मी माझ्या जागेवर बसून गाडी चालू केली. ओसरीतल्या बाया उभ्या राहून पाहत होत्या.

बराच वेळ तो समोर पाहत राहिला. मग म्हणाला, "बुवा, इथून त रस्ताच दिसत नाही."

"म्हणजे?"

"तुमची नयीच दिसते. अर्धं अंग नयीनंच झाकलं."

मी त्याच्यावरून वाकून पाहिलं. खरं होतं. बोअरवेलची ती नळी बरोबर डोळ्यांसमोर येत होती. गोटे आले, गोटे आले म्हणायची ती कुठून पाहून म्हणायची? बाजूच्या काचेतून मान काढून पाहत असेल. मी त्या बाजूनं कधी बसलो नव्हतो.

"येवढे सालं नयी पाहत आली बिचारी माहेरी," महादेवराव म्हणाला. मग म्हणाला, "बस झालं. बंद करा. धूर लागून राह्यला."

निघताना वहिनीनं कागदात गुंडाळलेली साडी आणली. आषाढात घेतलेली, नदीनं अडवलेली. "घरात ठेवू नये म्हनतात. हिचं काय करू मी, भाऊजी?"

"द्या," म्हणालो. म्हटलं, त्या गवळणीला देऊ. तिला शोभेल न शोभेल, पण तिनं ओळखलं होतं वत्सलाला, माझ्यापेक्षा बरं.

परत

नदीवर म्हातारी नव्हती. डोहात म्हशींचे खूर होते, त्यात पाणी भरलेलं. मी हाक मारली. मग थोडा वेळ थांबलो. साडी तशीच डाव्या जागेवर ठेवली आणि खटके लावायला खाली उतरलो.

महादेवराव मार्गशीर्ष लागायच्या आत गेला. नदी उतरली होती, लोक पोचले. आता बोरखडीला जायचं मला कारण नाही.

पंकज गाडी न्यायला आला होता. प्लेटा सोबतच घेऊन आला होता, नव्याकोऱ्या, चकचकीत. मी म्हणालो, हे बसवायचं असेल तर दुसरी गाडी पाहा बाबू. पोरगा पुण्याहून लय चिडला. चिडू दे. गाडी अंगणात आहे. ताडपत्री टाकली आहे. अनवर म्हणतो नळी उजव्या बाजूला घेऊन देतो, सोपं आहे. मी म्हणालो, आता कोणासाठी?

तुमच्यापैकी कोणी तिकडं जाणार असेल, जुनी गाडी घेऊन, तर अलीकडच्या काठावर थांबा. दोघं असाल तर दोघं उतरा. एकटे असाल तर उजवं चाक करून लगेच चढू नका. बोनेटच्या समोरून फिरून त्या बाजूला जा. जुना खटका नुसत्या बोटांनी फिरत नाही. दोन्ही तळहात ठेवावे लागतात, आणि अंग टाकावं लागतं, वाकून.